मंगळाच्या मातीत जीव शोधणारी यंत्रं आणि आपलं माती परीक्षण

काळी_कसदार, नागपूर

सोळा वर्षं झाली, मी माती परीक्षणाच्या कामात आहे. मागच्या आठवड्यात एक शेतकरी नमुना द्यायला आले, सोबत त्यांचा सातवीतला मुलगा होता. काचेच्या फ्लास्कांच्या रांगेकडे पाहत त्यानं विचारलं, "मंगळावरची माती इथे आणली तर तिच्यात जीव आहे का ते सांगाल?" गर्दी होती. मी म्हटलं, "सेंद्रिय कर्ब किती ते सांगता येईल." तो "बरं" म्हणाला आणि गेला. पण माझं उत्तर अपुरं होतं, आणि ते मला रात्रभर टोचत राहिलं. म्हणून हा धागा.

आमच्याकडे कर्ब, म्हणजे मातीतला कार्बन, कसा काढतात ते आधी सांगतो. एक ग्रॅम चाळलेली माती फ्लास्कमध्ये घ्यायची, त्यात १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट आणि २० मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड टाकायचं. फ्लास्क हाताला चटका लागेल इतका तापतो. अर्धा तास ठेवायचा, पाणी घालायचं, आणि उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटनं मोजायचं. ब्युरेटमधून थेंब थेंब पडत असतो, रंग काळपट, मग जांभळट निळा, आणि एका थेंबात लख्ख हिरवा होतो. तो थेंब चुकला की नमुना गेला. यातून मातीत जळण्यासारखा कर्ब किती आहे ते कळतं. तो कर्ब जिवंत आहे, मेलेला आहे की कधी जिवंतच नव्हता, हे कळत नाही.

नासाच्या व्हायकिंग या जोड यानांना मंगळावर नेमकं तेच शोधायचं होतं. २० जुलै १९७६ ला व्हायकिंग-१ मंगळाच्या क्रायसी मैदानावर उतरलं आणि ३ सप्टेंबरला व्हायकिंग-२ युटोपिया मैदानावर. (आपल्या अमरावती रोडवरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थाही १९७६ चीच.) प्रत्येक यानात जीवशास्त्राची एक पेटी होती, वजन साधारण पंधरा किलो, आकारानं पाण्याच्या वीस लिटरच्या जारहून जराशी मोठी. तेवढ्यात तीन प्रयोगशाळा बसवल्या होत्या. सगळं यान निघण्यापूर्वी ११० अंशांहून जास्त तापवून निर्जंतुक केलं होतं, म्हणजे आपल्याच जंतूंना मंगळाचे रहिवासी म्हणून नोंदवायची वेळ येऊ नये.

तिन्हींपैकी ज्यावर आजही वाद आहे तो प्रयोग गिल्बर्ट लेविन यांचा. अर्धा घन सेंटिमीटर माती. तिच्यावर दोनेक थेंब पातळ खाद्य: फॉर्मेट, ग्लायसिन, लॅक्टेट, ॲलनिन असले साधे पदार्थ, पण त्यांतला कर्ब किरणोत्सारी, कार्बन-१४. मातीत कोणी असेल तर ते खाईल आणि वायू सोडेल, आणि वायूतला कार्बन-१४ वरच्या मोजणी यंत्रात टिकटिक करेल. आमच्या भाषेत हे मातीचं श्वसनच मोजणं झालं. आम्ही बरणीत माती ठेवतो, शेजारी सोडियम हायड्रॉक्साईडची वाटी ठेवतो, आणि वाटीनं किती कार्बन डायऑक्साईड शोषला ते टायट्रेशननं काढतो. लेविननी वाटीऐवजी किरणोत्सार वापरला, म्हणजे चिमूटभर जंतूही दिसावेत.

आणि टिकटिक सुरू झाली. जोरात. दर मिनिटाला दहा हजारांच्या घरात गेली. तीच माती १६० अंशांवर तीन तास तापवून पुन्हा खाद्य दिलं तर जवळजवळ शांत. ठरल्या नियमाप्रमाणे याचा अर्थ होता: जीव आहे.

पण शेजारच्या यंत्रानं, म्हणजे वायू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या क्लाउस बीमन यांच्या उपकरणानं, माती ५०० अंशांपर्यंत तापवून सांगितलं की सेंद्रिय पदार्थ मुळीच नाहीत. थोडं क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन सापडलं, ते पृथ्वीवर यंत्र पुसायला वापरलेल्या द्रावणाचं असणार असं ठरलं. प्रेत नाही, तर जीव कुठला? निकाल लागला.

मला बोलायचंय ते या "मुळीच नाही" बद्दल. आमच्या कामात "नाही" हेही एक वाचन असतं, आणि त्याचीही तेवढीच तपासणी करावी लागते. एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी जिथे होतो तिथे एका सकाळी घाईत ब्लँक, म्हणजे माती न घालता केलेली तुलनेची चाचणी, न लावता कालचंच ब्लँक धरलं. फेरस अमोनियम सल्फेट हवेत रात्रभरात कमजोर होतं, त्यामुळे ते जास्त लागतं, आणि हिशेबात कर्ब कमी येतो. बत्तीस नमुने. सगळे "कर्ब अत्यल्प". त्यात एक जण असे होते ज्यांनी तीन वर्षं शेणखत टाकलं होतं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सगळं पुन्हा केलं आणि त्यांना स्वतः फोन केला. माती तशी नव्हती. आम्ही तिला तसं दाखवलं होतं.

व्हायकिंगच्या बाबतीत असंच काही झालं का? तुम्हा लोकांचं मत हवंय.

---

अंबाझरी_सायकल

दादा, मी एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. तुम्ही पर्क्लोरेटचा, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजनच्या क्षाराचा, उल्लेख केला नाही, ते मुद्दाम का?

२५ मे २००८ ला फिनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरलं. त्यात ओल्या रसायनशास्त्राची छोटी प्रयोगशाळा होती, चहाच्या कपासारखी पात्रं आणि त्यांच्या भिंतीत आयन ओळखणारे इलेक्ट्रोड. माती पाण्यात ढवळली आणि त्यात पर्क्लोरेट सापडलं, अर्धा टक्क्याच्या आसपास. मातीचा सामू (पीएच) ७.७ निघाला. आपल्या विदर्भातल्या कितीतरी शेतांचा तेवढाच असतो!

पर्क्लोरेट थंडीत शांत असतं. तापवलं की ऑक्सिजन सोडतं आणि शेजारचं सेंद्रिय सगळं जाळून टाकतं. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या घन इंधनात अमोनियम पर्क्लोरेट असतं ते याच गुणामुळे. २०१० मध्ये राफाएल नवारो-गोन्झालेझ यांच्या गटानं चिलीच्या अटाकामा वाळवंटातली माती घेऊन त्यात पर्क्लोरेट मिसळून तापवली, आणि काय निघालं तर क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन! व्हायकिंगला जे "पुसायच्या द्रावणाचं" वाटलं तेच.

---

काळी_कसदार, नागपूर

मुद्दाम नाही, तुझ्यासारखं कोणी सांगेल म्हणून थांबलो होतो. माझं म्हणणं नेमकं तेच आहे. यंत्रानं सेंद्रिय शोधायला भट्टी पेटवली आणि भट्टीनंच ते जाळलं. डायक्रोमेटच्या पद्धतीतही हा धडा आहे. मातीत क्लोराईड जास्त असेल तर कर्ब खोटा वाढतो, मँगनीजचं ऑक्साईड असेल तर खोटा घटतो. खारवट जमिनीचा नमुना आला की आम्ही हे आधी बघतो. मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट आहे हे १९७६ साली कोणाला ठाऊक होतं?

---

काटोल_संत्रा

भाऊ, मी शेतकरी माणूस, समजून घेऊन राहिलो. एक विचारतो. तापवल्यावर टिकटिक थांबली म्हणता ना? मग जीवच मेला असंल ना? आपण कोंबड्याच्या खताची गर्मी काढतो तसं. अजून काय पुरावा पायजे?

---

शाळेतली_ताई

काटोलच्या भाऊंचा प्रश्न माझ्या आठवीच्या वर्गानंही विचारला, अगदी याच शब्दांत. मी त्यांना उत्तर दिलं नाही, प्रयोग करायला लावला. तुम्हीही घरी करू शकता.

पहिला: बटाट्याच्या फोडीवर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साईड टाका. पांढरा फेस येतो. उकडलेल्या बटाट्यावर टाका, काही नाही. बटाट्यातल्या कॅटलेज नावाच्या विकराचं (एन्झाइमचं) काम उष्णतेनं संपलं. इथे भाऊंचं म्हणणं बरोबर.

दुसरा: शाळेमागची काळी माती. कच्चीवर टाकलं, फसफसली. तव्यावर तासभर भाजून थंड केली, पुन्हा टाकलं. तरी फसफसली, जरा कमी. आपल्या काळ्या मातीत मँगनीजची ऑक्साईडं असतात, पेरॉक्साईड फोडायला त्यांना जीव लागत नाही, आणि भाजून ती मरत नाहीत.

तिसरा मुलींनी शोधला, मी नाही. खाण्याचा सोडा उकळत्या पाण्यात टाकला तर बुडबुडे येतात. तोच सोडा आधी कढईत मंद आचेवर तासभर भाजला, तर उकळत्या पाण्यात टाकल्यावर बुडबुडे येत नाहीत. तो धुण्याचा सोडा झालेला असतो. म्हणजे तापवल्यावर "मेला". पण सोडा जिवंत कधी होता? एका मुलीनं वहीत लिहिलं, "तापवल्यावर बंद होणं हे जिवंत असण्याचं लक्षण नाही, नाजूक असण्याचं लक्षण आहे." मी ते फळ्यावर लिहिलं आणि पुसू दिलं नाही.

मंगळाच्या मातीत उष्णतेनं फुटणारं काही रसायन असेल तर टिकटिक तशीच थांबेल.

---

काटोल_संत्रा

ताई, सोडा भाजून पाह्यला आत्ता. खरं हाये. बायको विचारून राहिली कढईत काय करून राहिले म्हणून, तिलेही दाखवलं.

---

निवृत्त_पाणी_तपासनीस

मी ३१ वर्षं पाणी तपासलं, म्हणून लेविन यांच्याबद्दल थोडं लिहितो. ते मुळात सांडपाण्याचे, म्हणजे आमच्यातले, स्वच्छता अभियंते.

आमची पद्धत अशी. लॅक्टोजचं पातळ सूप नळीत भरायचं, आत एक बोटभर छोटी नळी उपडी सोडायची, तिला डरहॅम नळी म्हणतात. पाण्याचा नमुना टाकायचा आणि ३५ अंशांच्या कपाटात ठेवायचं. कोलिफॉर्म जंतू असतील तर ते लॅक्टोज आंबवतात आणि उपड्या नळीच्या डोक्यात वायूचा बुडबुडा अडकतो. सकाळी कपाट उघडून एकेक नळी उजेडासमोर धरायची, बुडबुडा शोधायचा. २४ तासांनी एकदा, ४८ तासांनी पुन्हा. तोपर्यंत वस्तीतली माणसं ते पाणी प्यायलेली असतात. लेविनना हा उशीर खटकत होता. म्हणून त्यांनी लॅक्टोजमध्ये किरणोत्सारी कर्ब घातला. वायूचा बुडबुडा डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी यंत्राला दिसतो. त्या तपासणीतून पुढे मंगळाचा प्रयोग उभा राहिला. आरंभी त्याचं नाव गलिव्हर होतं.

नागपूरच्या लोकांना हे जवळचं वाटायला हवं. आपल्या नीरीची, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, सुरुवात १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून झाली, याच पाण्याच्या आणि मैल्याच्या प्रश्नासाठी. १९७४ मध्ये नाव बदललं.

आता माझी शंका, आणि ती लेविन यांच्या विरुद्ध जाते. त्याच मातीला खाद्याचा दुसरा डोस दिला तेव्हा टिकटिक वाढली नाही, उलट काही वायू परत मातीत शोषला गेला. जंतूंना दुसरं ताट वाढलं तर ते पुन्हा खातात, आणि आता तर त्यांची संख्याही वाढलेली असते. माझ्या नळ्यांत मी हेच पाहिलंय. एकदाच खाऊन थांबणारा जंतू मला भेटला नाही. रसायन मात्र एकदा संपलं की संपलं.

---

अंबाझरी_सायकल

काका, नमस्कार. लेविन यांचं उत्तर असं होतं की पहिल्या डोसनंतर जंतू ओलाव्यानंच मेले असतील, कोट्यवधी वर्षं कोरड्यात काढलेले. आणि दोन गोष्टी त्यांच्या बाजूनं आहेत. माती फक्त ५० अंशांच्या आसपास तापवली तरी प्रतिसाद खूप मंदावला. आणि काही महिने अंधारात पेटीत पडून राहिलेली माती जवळजवळ निष्क्रिय झाली. पेरॉक्साईडसारखी रसायनं इतक्यानं का नाहीशी व्हावीत?

शिवाय व्हायकिंग-२ नं एक दगड हातानं बाजूला सरकवून त्याच्या खालची माती घेतली होती. अतिनील किरणांमुळे पृष्ठभागावर ऑक्सिडंट, म्हणजे सेंद्रिय पदार्थ जाळणारं रसायन, बनतं हा विरोधकांचा मुद्दा. दगडाखाली किरण पोचत नाहीत, तरी टिकटिक तशीच आली.

---

काळी_कसदार, नागपूर

काका, तुमचा दुसऱ्या डोसचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. आणि अंबाझरीच्या मुलाचं दगडाचं म्हणणंही सोडून देता येत नाही.

यात आपल्या मातीचा एक दुवा आहे. अमोस बॅनिन यांनी १९७९ मध्ये लोहयुक्त स्मेक्टाइट चिकणमातीवर लेविनचं खाद्य टाकून पाहिलं. काहीही जिवंत नसताना फॉर्मेट फुटून किरणोत्सारी वायू निघाला, आणि वक्र बराच व्हायकिंगसारखा आला. स्मेक्टाइट म्हणजे आपल्या काळ्या मातीचा जीव! उन्हाळ्यात शेताला ज्या हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात चाकाला जी माती चिकटून निघत नाही, ती स्मेक्टाइट पाणी पिऊन फुगते आणि सुकल्यावर आक्रसते म्हणून. आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टातून झाली. मंगळाची माती मुख्यतः बेसॉल्टचाच चुरा. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे तिचा दगडही बेसॉल्टच.

---

लोणारची_वाट

बेसॉल्टचा विषय निघालाय तर लोणार राहून चालणार नाही. समृद्धी महामार्गानं नागपूरहून एका दिवसात जाऊन येता येतं. १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, बेसॉल्टमध्ये उल्कापातानं झालेलं. पृथ्वीवर बेसॉल्टातली अशी विवरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे तिथे येतात. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं ते आठवतं ना? मिठावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. काठावर बसून मी ते पाणी ओंजळीत घेतलं, हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. वासही विसरण्यासारखा नाही. इतक्या क्षारात जीव राहतो हे हातानं कळलं तेव्हा मला मंगळाबद्दल पहिल्यांदा खरंच आशा वाटली.

---

निवृत्त_पाणी_तपासनीस

वुल्फ विश्नियाक यांचा उल्लेख कोणी केला नाही, तो व्हायला हवा. त्यांचं यंत्र व्हायकिंगमधलं चौथं असायचं. कल्पना अगदी साधी: माती द्रवात टाका, जंतू वाढले तर द्रव गढूळ होईल, तो गढूळपणा प्रकाशानं मोजा. पाणी तपासणारा माणूस हे ऐकून लगेच मान डोलावेल. खर्च कमी करायचा म्हणून १९७२ मध्ये ते यंत्र काढून टाकलं. त्यांनी काम सोडलं नाही. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत, जिथे माती निर्जीव असल्याचं मानत होते, तिथे ते जंतू शोधायला गेले. डिसेंबर १९७३ मध्ये आपले नमुने परत आणायला गेले असताना कड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. व्हायकिंग उतरलेलं त्यांनी पाहिलं नाही.

---

शाळेतली_ताई

काका, हे मुलांना सांगणार आहे.

आता नवीन यंत्रांबद्दल कोणी सोप्या भाषेत लिहाल का? नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरनं काय वेगळं केलं?

---

अंबाझरी_सायकल

ताई, थोडक्यात सांगतो. क्युरिऑसिटी ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलं. त्याच्या पोटात सॅम नावाची प्रयोगशाळा आहे, ७४ छोटे कप, त्यांतले ९ ओल्या रसायनाचे, ज्यांत सेंद्रिय रेणू आधी द्रावणानं बांधून घेतात म्हणजे तापवल्यावर तुटून जात नाहीत. त्यातल्या एका द्रावणाची गळती झाली आणि वाफ सगळीकडे पसरली. म्हणून मंगळाचं काय आणि गळतीचं काय हे वेगळं करण्यात त्यांना बराच काळ गेला. इथे दादांचा ब्लँक आठवा. रिकामा कप तापवून पाहिला म्हणूनच ते वेगळं करता आलं.

शेवटी २०१८ मध्ये तीन अब्ज वर्षं जुन्या चिखलाच्या दगडात सेंद्रिय रेणू असल्याचं जाहीर झालं. मार्च २०२५ मध्ये तर डेकेन, अनडेकेन, डोडेकेन, म्हणजे दहा, अकरा आणि बारा कर्बांच्या साखळ्या! चरबीच्या आम्लांचे तुकडे असू शकतात. जीवाशिवायही बनू शकतात.

---

काळी_कसदार, नागपूर

आणि २०१८ मध्येच व्हायकिंगच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून त्यांत क्लोरोबेंझीनचे माग असल्याचं एका गटानं दाखवलं. ४२ वर्षं त्या नोंदी तशाच होत्या. "मुळीच नाही" मुळीच नाही नव्हतं.

मला सर्वांत जास्त वाट पाहायची आहे ती युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरची, २०२८ मध्ये निघायचं ठरलंय. दोन कारणं. एक, ते दोन मीटर खोल भोक पाडेल. आम्ही शेतकऱ्याला सांगतो, वरचा पालापाचोळा बाजूला करा, खड्डा करून नमुना घ्या, वरवरची माती खोटं बोलते. मंगळावर वरच्या थरावर किरणांचा मारा आहे, खाली जुना रेणू टिकून असण्याची शक्यता जास्त. दुसरं, त्यातलं मोमा हे उपकरण भट्टीसोबत लेसरही वापरतं. अब्जांश सेकंदाचा झटका, रेणू उडून जातो, पर्क्लोरेटला पेटायला वेळच मिळत नाही. शिवाय रेणू डावखुरा की उजवा तेही ओळखता येतं. पृथ्वीवरचा जीव प्रथिनांसाठी डावीच ॲमिनो आम्लं वापरतो. रसायन आपलं आपण बनलं तर दोन्ही जवळजवळ निम्मी-निम्मी येतात.

---

काटोल_संत्रा

भाऊ, म्हंजे फक्त काय आहे ते नाही, एकाच हाताचं आहे का ते पाहाचं. हे पटलं. मातीत कर्ब असणं आन कोणीतरी तो निवडून ठेवलेला असणं, यात फरक हाये.

एक इनंती. माह्या संत्र्याच्या बगीच्यात एक पट्टा हाये, झाडं दोनदा लावली, दोनदा वाळली. मागं तपासून आणली होती तिथली माती, "कर्ब अत्यल्प" आलं. हा धागा वाचून वाटलं, परत तपासाची. तुम्ही करून द्यान का? ब्लँक लावून.

---

काळी_कसदार, नागपूर

नक्की करून देतो भाऊ. पट्ट्यात आठ-दहा ठिकाणी नागमोडी फिरून नमुने घ्या, खताच्या खड्ड्याजवळचं आणि बांधाजवळचं घेऊ नका. वरचा फूटभर वेगळा आणि दुसरा फूट वेगळ्या पिशवीत, फळझाड आहे म्हणून खालचाही लागेल. लोखंडी घमेलं नको, प्लास्टिकचं वापरा. सावलीत वाळवून आणा. कर्बासोबत श्वसनाची बरणीही लावतो, शेजारी रिकामी बरणी ठेवून. सातव्या दिवशी कळेल तिथं कोणी खातंय की नाही.

आणि त्या मुलाचे वडील पुढच्या आठवड्यात अहवाल न्यायला येणार आहेत. मुलाला घेऊन या म्हणून निरोप दिलाय. ताई, तुमच्या वर्गातला भाजलेला सोडा थोडा पाठवाल का?